कोलकॅननमधलं आळं

जावई आमच्या स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे घोटत होता. त्यात दूध आणि वाफवलेला कोबी. त्याच्या आयर्लंडचं कोलकॅनन. वाढताना त्याने प्रत्येक ढिगात चमच्याने खळगा केला आणि लोणी सोडलं. वरणासाठी आपण भाताला आळं करतो, अगदी तसंच. आधी जागा करावी लागते, नाहीतर सगळं ओघळून जातं.

पाठदुखीचं निमित्त सांगून मी लेकीच्या आणि याच्या लग्नाला गेलो नव्हतो. तेव्हापासून दर फोनवर तो त्याला येणारं एकमेव मराठी वाक्य विचारतो, "बाबा, पाठ कशी आहे?"

"पाठ दुखतच नव्हती रे," आज मी लेकीसमोर त्याला मराठीतच म्हणालो. "जावई म्हणून तू नको होतास मला."

"ठाऊक आहे त्याला," लेक हसत म्हणाली. "तरी विचारायचा. आता नवं वाक्य तुम्हीच शिकवा."