कल्लाप्पाचं लाल आणि मड्डमचं रन

‘यस मड्डम’ सोडलं, तर खासबागेतल्या कल्लाप्पा विणकराला इंग्रजी एकच शब्द येत होता, आणि त्या एकानंच त्याचा घात केला. शब्द होता ‘रन’. कॅम्पात कापड विकायला जाता-येता गोऱ्या शिपायांचं क्रिकेट बघून तो शिकलेला. रन म्हणजे पळणं. एवढं पक्कं.

त्या वर्षी गिरणीच्या कापडापुढं हातमागाची लुगडी कुणी विचारीना. कॅम्पातल्या मड्डमांनी पडद्यांना कापड घेतलं, तरच त्याचा माग चालणार होता. म्हणून त्यानं पांढरं कापड विणलं, लाल काठाचं. लाल रंग त्यानं स्वतः चढवलेला. त्या लालाचा त्याला भारी गर्व होता, आणि मला विचाराल तर तो असायलाच हवा होता.

तिथल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात मड्डमनं काठावर बोट ठेवून विचारलं, “विल इट रन?”

कल्लाप्पा विचारात पडला. आपल्याकडं चांगलं कापड वर्षानुवर्षं चालतं. यांच्यात ते पळत असणार! तो खुलला.

“यस मड्डम! रन! लई रन!”

मड्डमनं कापड परत दिलं. पुढं कॅम्पातलं एकही दार त्याला उघडेना.

“अवो, असं काय म्हणालासा तिथं?” बायको ताराबाईनं विचारलं.

“चांगलंच म्हणालो की!”

पण त्याला चैन पडेना. निपाणीच्या मोटारीचा ड्रायव्हर मष्णू पूर्वी एका साहेबाकडं कामाला होता. कल्लाप्पानं त्याला स्टँडवर गाठलं आणि ‘रन’चा अर्थ विचारला. मोटार उभी होती, इंजिन धडधडत होतं.

“ह्ये बघा, इंजिन रन व्हतंय, अण्णा.”

“मोटार तर उभी हाय!”

“तरीबी रन. नळाचं पाणी रन. सर्दी झाली की नाकबी रन. आन् कच्चा रंग धुण्यात दुसऱ्या कापडाला लागला, तर त्योबी रन.”

कल्लाप्पा मटकन खाली बसला. आपला रंग कच्चा, हे आपण आपल्याच तोंडानं सांगून आलो! लाजेनं त्याचे कान तापले. मग एकदम मान वर करून म्हणाला, “पर मष्णू, आपलाबी रंग ‘जातो’च की रं. त्याला तरी कुठं पाय हायत?” धंदा बुडत होता, आणि ह्या बाबाला शब्दाची गंमत!

दुसऱ्या दिवशी तो बंगल्यावर गेला. बादली मागून घेतली, मड्डमसमोर कापड बुडवलं, साबण लावून चोळलं, पिळलं. पाणी स्वच्छ राहिलं, पांढऱ्यावर लालाचा डाग नाही.

“कलर नो रन, मड्डम,” मष्णूनं पढवलेलं तो बोलला. मग कच्चं ते आपलं डोकं, अशा अर्थानं स्वतःच्या डोक्याकडं बोट करून पदरचं जोडलं, “कल्लाप्पा रन!”

मड्डम हसत सुटली. सगळ्या बंगल्याचे पडदे तिनं त्यालाच सांगितले. आत जाताना ‘जा आता’ अशा अर्थानं म्हणाली, “रन अलाँग, कल्लाप्पा.”

त्याच्या तोंडात ‘यस’ आलाच होता. तो त्यानं गिळला, आणि गाठोडं खाली ठेवलं.

“मड्डम,” मष्णूनं शिकवलेला आणखी एक शब्द जोडून तो म्हणाला, “विच रन?”