डाव्या अंगाचं कुंकू

मला ते स्पूलचं मशीन परत पाहिजे होतं. तसलंच दुसरं नको. तेच.

लेकानं मोबाईलवर ढीगभर फोटो दाखवले. जुनी टेप, जुने मिक्सर, लाकडी पेटीतले आवाज घुमवणारे इको. हौशी लोक असलं सामान आता हुडकून हुडकून घेतात म्हणे. "अप्पा, ह्यातल्या कुठल्याबी एकावर बोट ठेवा, मागवून देतो," तो म्हणाला. मी चष्मा पुसून सगळे फोटो बघितले. एक तर आमच्याचा जुळा भाऊ शोभेल असं होतं. मी म्हटलं, "ह्याच्या डाव्या अंगाला तुझ्या आईची बोटं दाखव, घेतो." त्यानं मोबाईल खिशात घातला.

आधी नीट सांगायला पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलंय थोडं. बायको जाऊन वर्ष व्हायचंय, कुणाचं जागेवर राहील?

हुबळीच्या बाजारात आमच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. मी चौथीत शाळा सोडली आणि गल्ल्यावर बसलो, पण तांब्यापितळेत माझं चित्त नव्हतं. भांड्याला टिचकी मारून नाद ऐकत बसायचो. वडील म्हणायचे, "गिऱ्हाईक घागर न्यायला आलंय, कीर्तनाला नव्हे." लग्नानंतर दुकानामागच्या कोठाराची मी रेकॉर्डिंगची खोली केली. भिंतींना जुन्या गाद्या आणि गोणपाट ठोकलं. एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून ते मशीन आणलं. दोन मोठ्या चकत्या, त्यातून फिरणारी फीत, आणि पुढं काचेमागं नाचणाऱ्या दोन सुया. भजनी मंडळं यायची, खेड्यात रात्रभर उघड्यावर नाटक करणारे बयलाटवाले यायचे, सर्कसवाले रिक्षातून गावभर वाजवायची जाहिरात बोलून जायचे, एकदा कन्नडात आणि एकदा मराठीत. मशीन तापलं की त्याच्या आतल्या रबरी पट्ट्यांचा एक वास सुटायचा, करपलेल्या दुधासारखा. तो वास आला की मी खूश.

हिचं काम दाराबाहेर. आत लाल दिवा लागला की ही बाहेर पाटावर बसायची आणि अख्ख्या बोळाचं तोंड बंद ठेवायची. शेजारी पिठाची गिरणी होती. हिनं पदर हलवला की गिरणीवाला पट्टा सोडून गिरणी थांबवायचा, असं दोघांचं ठरलेलं. दळण घेऊन आलेल्या बायका कुरकुरायच्या. कुत्री, कोथिंबीरवाली, भांडणारी पोरं, सगळ्यांना हिचा एकच शब्द, "सुम्म!" कन्नडात म्हणजे गप्प. एकदा पोस्टमनच आला.

"अक्का, मनिऑर्डर आहे."

"सुम्म! आत देव गायलाय."

"देवाची सही चालत नाही, अक्का."

तरी गाणं संपेपर्यंत त्याला उभं केलं.

लोक विचारतात, मग एखाद्या टेपवर बाईंचा आवाज असेल की. नाही. माईकपुढं ती कधी उभी राहिली नाही. ओढून आणली तर तोंडाला पदर लावायची. सगळ्या टेपांवर तिनं राखलेली शांतता तेवढी आहे, आणि ती ऐकायची कशी?

तिचं जे उरलं होतं ते मशीनच्या अंगावर. आमच्याकडं खंडेनवमीला माणूस ज्याच्यावर पोट भरतो त्याची पूजा करतो. तराजू, गाडी, शिवणयंत्र, काय असेल ते. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून लख्ख करायचं आणि मग हळदकुंकू. ही बाकी सगळं घासायची, पण मशीनच्या डाव्या अंगाला फडकं लावू द्यायची नाही. म्हणायची, "पुसायचं नाही हं. गेल्या वर्षीचं राहू दे, त्याच्यावरच लावते. पुसलं तर पुन्हा पहिल्यापासून." कसलं पहिल्यापासून, कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन बोटं हळदीची, एक कुंकवाचं. दरवर्षी तिथंच. थर चढून चढून खरखरीत झालेला, खपलीसारखा.

आणि ते बोट तिचंच, हे कुणीही सांगितलं असतं. खोलीच्या जड दारात एकदा तिचं करंगळीशेजारचं बोट सापडलं होतं. आत रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून बाई ओरडली नाही. गाणं संपल्यावर मी दार उघडलं तर ही हात पदरात गुंडाळून बसलेली, पदर लाल. मला म्हणते, "नीट आलं का गाणं?" मी शिवी दिली तिला. बोट बरं झालं, पण शेंडा चपटा आणि तिरका राहिला. म्हणून तिचं कुंकू गोल उठायचं नाही. चिंचोक्यासारखं उठायचं.

पुढं कॅसेट गेल्या, मोबाईल आले, खोली बंद पडली. तरी नवमीला ही कुलूप काढून मशीनला चिंचोका लावून यायची.

मग तिच्या छातीचं दुखणं निघालं. आमचं घर दुकानाच्या वर, माडीवर; तिला जिना चढवेना. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, खाली खोली करा, ऑक्सिजनचं यंत्र लागेल. मी दवाखान्यात तिच्यापाशी होतो. लेकानं इकडं रेकॉर्डिंगची खोली मोकळी केली, गाद्या काढल्या, चुना मारला आणि सामान भंगारच्या गाड्यावर घातलं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. आईला जागा पाहिजे होती. म्हणत नाही, पण तोंडात येतं.

घरी आल्यावर तिची नजर पहिल्यांदा त्या कोपऱ्यात गेली. मशीनच्या जागी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं.

"मशीन कुठाय?"

"दुरुस्तीला दिलंय, आई," लेक म्हणाला.

"नवमीच्या आत येऊ दे म्हणावं."

नवमीच्या आत तीच गेली.

ह्या वर्षी पितृपक्ष सरला, घट बसायचे दिवस आले आणि मला घर खायला उठलं. मी तारिहाळला जायला लागलो. तिथं कारखान्यांच्या मागं भंगारवाल्यांच्या वखारी आहेत. लेकानं गाडा कुणाचा होता ते सांगितलं, पण त्या माणसानं माल पुढं दिलेला, त्यानं आणखी पुढं. मी वखारीवखारीत शिरून पत्रे उचलून बघत होतो. लोखंडाच्या कातरणानं हात चिरले. एक वखारवाला बसल्या जागेवरून ओरडला, "अज्जार, एन हुडकाक हत्तीरी?" काय हुडकताय म्हणून. सांगितलं तर हसला.

"अज्जा, स्पूलची टेप? मागा तर बसचं इंजिन देतो. बसच देतो अख्खी."

"बस तुझ्याकडं ठेव. डाव्या अंगाला हळदकुंकू असलेली पेटी होती. तांब्यासाठी फोडली असशील तर तसं सांग, मी घरी जातो."

तो हसायचा थांबला. त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, फोडली नाही. उणकलचा एक माणूस असलं जुनं गाण्याचं सामान घेऊन जातो, त्यानं नेली. पेटीवर देवाचं लावलंय म्हणून आपण हातोडा घातला नव्हता.

मी तिथंच पिंपावर बसून रडलो. तिच्या बोटांनीच वाचवलं मशीन, असं वाटलं.

वखारवाल्यानंच फोन लावून दिला. उणकलचा माणूस गोड बोलत होता. घरी बसून कॉम्प्युटरचं काम करतो, जुन्या मशिनींचा नाद आहे म्हणाला. "तुमचं मशीन? बापरे, अज्जार! उद्या सकाळी या. आवडलं तर घेऊन जा. मला दुसरं मिळेल." मी इतका हरखलो की दुसरं काही बोलायचं सुचलं नाही. हात लावू नकोस, एवढं सुद्धा नाही.

सकाळी धुतलेलं धोतर नेसून गेलो. ही असती तर म्हणाली असती, मुलगी बघायला चाललाय जणू. उणकलच्या तळ्यापलीकडं नव्या घरांची रांग आहे, त्यातलं एक. माणूस चाळिशीचा, दाढी राखलेला. त्यानं वाकून नमस्कार केला. बायकोनं चहा आणला. आत एका खोलीत भिंतीला लागून सगळं मांडलेलं. माझ्या तरुणपणाचं सगळं बिऱ्हाड तिथं होतं. मिक्सर, कानाला लावायची जड भोकरं, एका कॅसेटवरून दुसरी कॅसेट भरायची यंत्रं. मधोमध ते.

त्यानं खटका दाबला. दोन सुया उठल्या, थरथरल्या आणि खाली बसल्या. चकत्या फिरायला लागल्या. तो हलका हुंकार मी किती काळानं ऐकला. मग पट्ट्यांचा वास आला. मी खुर्ची धरली. तो खुशीनं सांगत होता, वायरी बदलल्या, फीत जिथून घासत जाते ती डोकी घासली, सगळं नव्यासारखं. दुरुस्तीला दिलंय, असं लेक तिला खोटं बोलला होता. ते खरं झालं होतं.

मी डाव्या बाजूला गेलो.

काही नव्हतं. लाकूड चकचकीत. माझं तोंड त्यात दिसत होतं.

मला वाटलं बाजू चुकली. उजवीकडं बघितलं. मागं बघितलं. गुडघ्यावर बसून बूड बघितलं. तो म्हणाला, "काय हुडकताय, अज्जार?"

"इथं लावलेलं होतं."

"ते होय! केवढा थर होता. काल तुमचा फोन आल्यावर बसलो, निघेना. शेवटी पेट्रोल लावून काढलं. नवमी आली की. तुम्ही घरी न्याल, पूजा कराल. तसंच कसं द्यायचं?"

त्याला काय बोलू? हुबळीत दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं. नवमीच्या तोंडावर जुनं कुंकू पुसून लख्ख करून द्यायचं, ह्याला आमच्याकडं चांगली रीत म्हणतात. मी सुद्धा दुसऱ्याचं मशीन असतं तर तसंच दिलं असतं.  मी एवढंच विचारलं, "कशानं पुसलंस?"

"पेट्रोलनं."

"फडकं कुठाय?"

"हं?"

"फडकं! पुसलेलं फडकं कुठं टाकलंस?"

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तो घाबरून बाहेर गेला, मी मागोमाग. फडकं मोटरसायकलच्या सीटखाली होतं. जुन्या बनियनचा तुकडा. त्यावर चेनचं काळं तेल, आणि तेलाखाली एका कोपऱ्याला पिवळं, एका कोपऱ्याला लालसर. मी त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. त्या बाईनं मग मला पायरीवर बसवलं आणि विचारलं. मी सांगितलं. चिंचोक्याचं पण सांगितलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं तसं मी म्हटलं, "त्याला काही बोलू नकोस, बाळ. तो चांगला आहे. त्यानंच घोटाळा झाला."

तो म्हणत होता, मशीन आताच्या आता गाडीत घालून घरी पोचवतो. मी नको म्हटलं. एवढं तारिहाळ पालथं घातलं, आणि नको म्हटलं. घरी नेऊन काय करू? त्याच्या चकचकीत अंगात रोज माझं तोंड बघू? "तुझ्याकडं राहू दे. वाजव. त्याला वाजवणारं माणूस पाहिजे," म्हटलं आणि फडकं घेऊन निघालो. रिक्षात ते उघडून बघितलं. लाल होतं, पण त्याला आकार नव्हता. वास घेतला. पेट्रोल.

घरी सून फराळाचं करत होती. नवमीची तयारी चाललेली. लेकाची गाडी धुऊन दारात उभी. तिनं विचारलं, "मामा, तुमचं काय ठेवायचं पूजेला?"  माझं काय उरलंय? खाली त्या खोलीत एक ऑक्सिजनचं यंत्र आहे, त्याला मी कुंकू लावणार नाही, मला जाळलं तरी.

मी फडकं पाटावर ठेवलं.

तिनं दोन बोटांत धरून उचललं. पोरीचा काही दोष नाही, तेलानं काळं झालेलं फडकं ते, देवाच्या पाटावर. "हे होय? द्या, साबण लावून आणते," ती म्हणाली आणि नळाकडं वळली.

"धुवायचं नाही!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. लेक धावत आला. सून फडकं छातीशी धरून नळापाशी उभी होती, नळ चालू, पाणी बादलीत पडत होतं. मला दम लागला होता. मी हात पुढं केला आणि म्हटलं, "पुसायचं नाही, धुवायचं नाही. तसंच ठेव. त्याच्यावरच लाव."

तिनं नळ बंद केला.