सत्यवतीबाई आणि आमचं अळणी जेवण

सत्यवतीबाईंचा माणसांवर विश्वास म्हणून नव्हता. त्या पार्से गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. प्रेशरचा रोगी ‘गोळी घेतली’ म्हणाला, की त्या आधी पाकीट मागून उरलेल्या गोळ्या मोजत. धारगळच्या एका आजोबांच्या गोळ्या त्यांना तुळशीच्या मातीत सापडल्या होत्या, तेव्हापासून हे असंच. स्वतःच्या रक्तदाब मोजायच्या यंत्रावरही त्यांचा भरवसा नसे. दर महिन्याला ते डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून बघत.

माझे सासरे कृष्णनाथ डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवून घरी बसलेले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून वर्ष झालं होतं, पण कोकणी की मराठी यावर ते अजून बाजारात भांडून येत. “आधी प्रेशर, भाशा मागीर,” म्हणून बाई दर मंगळवारी घरी येऊन त्यांना पाच मिनिटं गप्प बसवत आणि मगच दंडाला पट्टा बांधत. दोनदा बघत. पायावर अंगठा दाबून सूज तपासत.

त्या उन्हाळ्यात प्रेशर एकशेऐंशीच्या खाली येईना. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, तर हिशेब बरोबर लागत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर एक बाजू लुळी पडेल. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“खरा सांग गे शालिनी, मीठ कोण घालता?”

मी भडकले. दोन महिने मी अख्ख्या घराला अळणी खायला घालत होते. “देवीची शपथ, मी घालूक नाय!” म्हटलं. पण मग घालतं कोण? माझा संशय सरळ सासूबाईंवर गेला. नवऱ्याला अळणी घास उतरत नाही म्हणून त्यांचा जीव तुटायचा, हे मी बघत होते. मी शेजारच्या शेवंतीकाकीसमोर त्यांना विचारलं, “मांय, तुम्ही लपवून मीठ देता ना?” त्या उठून मागच्या पडवीत गेल्या. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मला वाटलं, चोरी पकडली.

तीन मंगळवार गेले. आकडा तसाच. मग बाई एका शुक्रवारी, न सांगता, सकाळी दहाला आल्या. आमची पेजेची वेळ. मी सासऱ्यांच्या ताटलीत पेजेबरोबर दोन तोरां ठेवत होते. वर्षभरासाठी खारात घालून बरणीत दाबलेल्या कैऱ्या. अळणी पेज घशाखाली उतरावी म्हणून त्यांना रोज दोन द्यायचे, आणि मनात म्हणायचे, सून असावी तर अशी.

बाईंनी एक तोर उचलून माझ्या हातात दिलं. “खा.”

मी चावा घेतला. जीभ खारटाने आकसली.

“बरणीत काय घालतंस?”

दर चैत्रात मीच पायलीने मीठ ओतते. पण तोर म्हणजे आमच्या लेखी तोर, मीठ नव्हे. डाळीत नाही, भाजीत नाही, तर मीठ नाहीच, अशी आमची समजूत. आणि मी देवीची शपथ घेऊन बसले होते.

“आजपासून बंद,” बाई म्हणाल्या. “नायतर म्हातारो खाटीर पडतलो.” त्यांनी सासऱ्यांच्या प्रेशरच्या कार्डावर ‘तोरां’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि जाताना बरणीचं तोंड दोरीने बांधून गाठ मारली. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो ठेवावा असं काही मी केलंही नव्हतं.

सासूबाई, यशोदा, मागच्या पडवीत काजूच्या बिया निवडत होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. “मांय, चुकलं माझं. तुमच्यावर उगाच आळ घेतला.”

त्यांनी बिया निवडणं थांबवलं नाही.

“तीन आठवडे झाले,” त्या हळू म्हणाल्या, “मी त्यांका हातान पाणीसुदीक दिवक नाय. तू संशयान बघतलंस म्हणान.”