केबलवरचे नंबर

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, अमेरिकेत अल्फारेटातल्या आमच्या ऑफिसात काकांच्या हातून चालू फायरवॉल पुसला गेला, त्यातली सगळी सेटिंग्ज उडाली. फायरवॉल म्हणजे नेटवर्कची राखण करणारं यंत्र. सहा दवाखान्यांचं इंटरनेट चार तास बंद पडलं. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

काका – ऑफिसात सगळेच त्यांना असं म्हणत – माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. बासष्ट वर्षांचे, मूळचे साताऱ्याचे, ऑफिसात सगळ्यांत जुने. मला ही नोकरी त्यांच्याच शब्दामुळे मिळाली. सर्व्हर रूममधल्या लॅपटॉपला तेव्हा दोन केबल जोडलेल्या होत्या – एक नव्या, चालू फायरवॉलची; दुसरी जुन्याची, जो पुसून परत पाठवायचा होता. दोन्हींवर सेटिंग्ज तीच, त्यामुळे स्क्रीनवर नावही एकच दिसे. ओळखायचं ते पोर्टच्या नंबरावरून, म्हणजे लॅपटॉप प्रत्येक केबलला देतो त्या नंबरावरून. म्हणून काकांनी केबलना स्टिकर लावले होते: तीन नवा, चार जुना.

त्या दिवशी नऊ वाजता लॅपटॉपला नव्याची केबल दिसेना. मी ड्रायव्हर – केबल ओळखता यावी म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर – काढून ताजा टाकला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. दोन्ही केबल दिसल्या. नंबरांची मात्र अदलाबदल झाली होती. मी ते पाहिलं का? पाहिलं. सांगू नंतर म्हटलं, आणि मीटिंगला गेलो.

काकांनी जुना समजून चार नंबर उघडला.

मॅनेजरने विचारलं, लॅपटॉपला आणखी कुणी हात लावला होता का. मी नाही म्हणालो. नोकरी जाईल म्हणून? तसं कुणी बोललंही नव्हतं. व्हिसा म्हणून? ग्रीन कार्ड हातात होतं. मग कशाला घाबरलो – मला अजून उलगडत नाही.

"काका, आता रिटायर व्हा यार, नातवंडं सांभाळा," नागपूरचा एक सहकारी म्हणाला. काका हसले. मग मला हळूच म्हणाले, "चार म्हणजे जुनाच ना रे? स्टिकर मीच लावले होते."

"हो काका," मी म्हणालो. स्टिकरपुरतं ते खरं होतं.

इथेच थांबलो असतो तर – पण दोन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. काका कुलूप लावून पुन्हा बघायला जातात, गॅस तीन-तीनदा तपासतात. "तुला ऑफिसात आणखी काही जाणवलं का रे? विसरणं वगैरे?"

मला काहीही जाणवलं नव्हतं. मी म्हणालो, "थोडंसं, काकू."

का म्हणालो? दोन वर्षं हेच विचारतो आहे.

डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. काकांचा त्यावर विश्वास बसला नाही. वर्षअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. रविवारच्या मराठी शाळेत ते बारा वर्षं मोठ्या मुलांचा वर्ग घेत होते. गेल्या उन्हाळ्यात तोही सोडला – मुलांची नावं चुकतील, म्हणाले. आपल्या जागी त्यांनी माझं नाव सुचवलं. सप्टेंबरपासून तो वर्ग मी घेतो.