बॅटरीपासून एक वीत

औंढ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. देवळाला येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, हेडलाइट, कधी सेल्फ, आणि लग्नसराई आली की डिकीत मोठा आवाज बसवायचं काम. हे काम घेऊन येणारा माणूस एकच विचारतो, किती वाजेल? वायर कुठून जाईल, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. काचा हलल्या पाहिजेत आणि छातीत धम्म झालं पाहिजे, एवढं त्याला पुरतं. अशा माणसांचा मला राग येतो. पण ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो, तो माणूस रोज सकाळी माझ्याच दुकानाचं शटर उघडतो.

हे काम मला जवळा बाजारच्या उस्तादांनी शिकवलं. चार वर्षं मी त्यांच्या दुकानात होतो. ते वायरिंग करत, आणि गाड्यांना गॅसकिटही बसवत. बोलणं कमी, हात साफ. त्यांचा एक नियम होता. बॅटरीतून डिकीतल्या आवाजाच्या मशीनला लाल वायर ओढायची, तर तिच्यावरचा फ्यूज बॅटरीपासून एक वीत अंतराच्या आत पाहिजे. ते टेपनं मोजत नसत. अंगठा बॅटरीच्या टोकावर ठेवायचे, करंगळी वायरीवर ताणायचे आणि करंगळी टेकली तिथं फ्यूज लावायचे.

"फ्यूज मशीन वाचवायला न्हाई बेटा," ते म्हणायचे, "वायर वाचवायला असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत जेवढी वायर, तेवढी बेवारस."

म्हणजे असं की, फ्यूजच्या पुढं वायर कुठं पत्र्याला घासली, तर फ्यूज उडतो आणि विषय मिटतो. फ्यूजच्या अलीकडं घासली, तर बॅटरीला अडवणारं मधे कुणीच नसतं. वायर तापते, लाल होते आणि शेजारी जे असेल ते पेटतं. म्हणून इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबरी कडं घालायचं, हेही त्यांनीच शिकवलं. दोन्ही गोष्टी मला झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी मी बरोबर सांगितल्या असत्या.

माझी थोरली बहीण, अक्का, पुसेगावजवळच्या एका गावात दिली आहे. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. तिला गॅसकिट उस्तादांनीच बसवलं होतं, टाकी डिकीत. लग्नाच्या भाड्याला गाडी चांगली चालायची, फक्त आवाज नव्हता. वऱ्हाडी मंडळी नाक मुरडतात म्हणून दाजी माझ्या मागंच लागले. एका रविवारी मी सामान घेऊन त्यांच्या अंगणात गेलो.

गाडीच्या बोनेटची केबल तुटलेली होती. आतून खटका ओढून काही होत नसे. पुढच्या जाळीतून पक्कड घालून तुटक्या तारेचं टोक धरायचं आणि ओढायचं, तेव्हा कुठं बोनेट उघडायचं. दाजी म्हणाले, "फ्यूज उडाला की दरवेळी हे कुटाणं कोण करून राहिलं? डिकीतच लाव की. हात घातला, बदलला, झालं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण अक्कानं तोवर धपाटे पुढ्यात ठेवले होते, दाजी खुशीत होते, आणि बहिणीच्या घरी मेव्हण्याला शिकवायला मला जड गेलं. "लावतो की," मी म्हणालो. करंगळीएवढी जाड लाल वायर मी बॅटरीतून काढली, दाराखालच्या पट्टीतून, मागच्या सीटखालून डिकीत नेली आणि फ्यूज तिथं मशीनला चिकटून लावला. वायरच्या मापाचं रबरी कडं पिशवीत नव्हतं. भोकापाशी काळी टेप गुंडाळली, चांगले सात-आठ वेढे. पुढच्या वेळी आलो की कडं घालू, असं मनाशी म्हटलं. पहिलं गाणं लावलं तेव्हा गोठ्याचे पत्रे थरथरले, कोंबड्या पार उकिरड्यापलीकडं पळाल्या आणि दाजी लेकरासारखे हसले. त्यानंतर मी त्या घरी पाच-सहा वेळा तरी जेवून आलो. कडं काही घातलं नाही.

दीड वर्षानं, वैशाखात, भर दुपारी ती गाडी रस्त्यात पेटली. अक्का शेजारी बसलेली होती. बोनेटच्या फटीतून धूर आला तसं दाजींनी तिला ओढून बाहेर काढलं. मग बॅटरीची वायर तोडायला म्हणून ते परत गेले. पक्कड सापडली नाही. त्यांनी जाळीतून उघडेच हात आत घातले आणि तारेचं टोक शोधत राहिले. शेजारच्या शेतातली माणसं माती टाकायला धावली, तोवर दोन्ही हातांची कातडी गेली होती.

नांदेडच्या दवाखान्यात दीड महिना. मांडीची कातडी काढून हातांना लावली. हात राहिले, पण बोटं आखडली. हे मी सरळ सांगतो, कारण फिरवून सांगितलं तरी बोटं आखडलेलीच राहणार आहेत.

गाडीत गॅस होता म्हटल्यावर दुसरं कारण कुणी शोधलंच नाही. दुसऱ्याच दिवशी अक्काचे सासरे आणि भावकीतले सात-आठ जण जवळ्याला उस्तादांच्या दुकानावर गेले. मीही सोबत होतो. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला गाडी दाखवा."

गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी होती. उस्तादांनी आधी डिकी उघडली. टाकी जागेवर होती, नळी साबूत होती. "टाकी सलामत हाय," ते म्हणाले. मग पुढं येऊन, आग विझवताना उचकटलेल्या बोनेटखाली गुडघ्यावर बसले. काजळीत हात घालून बॅटरीच्या टोकापासून चाचपत निघाले. अंगठा टोकावर ठेवला, करंगळी ताणली. करंगळीखाली काही नव्हतं. तसेच पुढं सरकले, पत्र्यातल्या भोकापर्यंत. तिथं तांब्याच्या तारा पत्र्याच्या काठाला वितळून चिकटल्या होत्या. त्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"मग आग कशानं लागली?" अक्काच्या सासऱ्यांनी विचारलं.

उस्ताद माझ्याकडंच बघत राहिले. मला बोलायला त्यांनी जागा करून दिली होती, हे मला त्या क्षणी कळलं होतं. नंतर सुचलं वगैरे काही नाही, तेव्हाच कळलं होतं. मी पायातल्या चपलेकडं बघितलं.

"मला न्हाई सांगता येत," शेवटी उस्ताद म्हणाले आणि गुडघे झटकत उठले.

"सांगता येत न्हाई म्हंजे समजलं की," मागून कुणीतरी बोललं. दोघा-तिघांनी त्यांची जातही काढली. मी ऐकलं आणि गप्प राहिलो.

अक्काचं सासर तुटेल, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. त्यात थोडं खरं होतं. बाकीची नुसती भीती होती. गावोगावचे लोक उस्तादांकडं जाऊन बसवलेली किटं काढून घेऊ लागले. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या दुकानाची पाटी उतरली. माझं दुकान मात्र चालू होतं. जवळ्याची काही गिऱ्हाइकं माझ्याकडं यायला लागली होती. मी त्यांना नाही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी दाजी नागनाथाला आले, दर्शन करून माझ्या दुकानात टेकले. एक गिऱ्हाईक समोर होतं. ते म्हणालं, "फ्यूज डिकीतच लावा ना, बदलायला सोपं." माझं डोकं फिरलं. मी हातातली पक्कड आपटली आणि त्याला नको ते बोललो. तो बिचारा गाडी घेऊन निघून गेला.

"एवढा काहून भडकला?" दाजींनी विचारलं.

मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. रविवार, टेप, कडं, फ्यूज. उस्तादांनी बघितलं तेही.

"मंग कुठं पाहिजे होता तो?" दाजींनी विचारलं.

"बॅटरीपासून एक वीत."

दाजींनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि वीत ताणायला गेले. अंगठा जागचा हलला नाही. करंगळी जराशी थरथरली. त्यांनी डाव्या हातानं अंगठा ओढून पाहिला, मग सोडून दिला. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता.

"मी सोताच म्हणलो होतो डिकीत लाव म्हणून," ते म्हणाले. "ते माझं. पण त्या माणसाचं काय? मला सांगून काय होतं? तिथं जाऊन सांग. बाजाराच्या दिवशी, चार माणसांत. मी येतो संगं."

बाजाराच्या दिवशी आम्ही जवळ्याला गेलो. उस्ताद आता लिंबाखाली पोतं अंथरून फवारणीचे चार्जिंगवाले पंप दुरुस्त करत बसतात. दाढी पार पांढरी झालेली. पाच-सहा शेतकरी आपापले पंप घेऊन उभे होते. दाजी त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जरा ऐका, ह्यो काय सांगतो ते." मग माझ्याकडं वळले. "सांग."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती आग माझ्या वायरीनं लागली, गॅसकिटचा काही दोष नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शेतकरी एकमेकांकडं बघू लागले. एक जण म्हणाला, "ते व्हय, जुनं झालं आता." दुसरा म्हणाला, "चाचा, माझा पंप आधी बघा, भाजीवाले उठायच्या आत जायचं हाय." झालं. एवढंच झालं. तीन वर्षं जे मी घशात अडकवून फिरलो, त्याला बाजारात घटकाभराचाही भाव मिळाला नाही.

उस्तादांनी त्या माणसाचा पंप उलटा केला, खालचं झाकण काढलं. आतल्या छोट्या बॅटरीच्या टोकावर अंगठा ठेवला, करंगळी ताणली आणि तिथं वायर कापली. फ्यूज जोडून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. दाजी आणि मी उभेच होतो.

मग टेप दातानं तोडत, वायरीकडंच बघत ते म्हणाले, "उस दिन मैं तेरी तरफ देखा था, बेटा."

"व्हय," मी म्हणालो. "मी बघितलं होतं."