काळी चारवाली आत्या

माइक हातात आला की आमच्या आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "रंगानं काळी, सुरानं चार. ऐकणार असशीला तर बसा, न्हाईतर वाट मोकळी हाय!" आणि मग ती स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसायची की स्पीकर कुंई करायचा. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांमधली चौथी पट्टी 'सा' धरून जो गातो तो काळी चारमध्ये गातो. त्या पट्टीत आत्यासारखी गाणी म्हणायची, वरच्या ओळी खेचून चढवायच्या, म्हणजे छाती लागते. आत्याला होती. अख्खी गल्ली तिला मागून 'काळी चार' म्हणायची आणि तिला ते माहीत होतं आणि तिला ते जाम आवडायचं.

ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. दिवसा सरकारी दवाखान्यात सिस्टर, संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीची मेन गायिका. जयंतीच्या आसपास तर तिला तारखा पुरायच्या नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच बायका बोलतात तशी ती 'मी येतो, मी गातो' असंच बोलायची आणि ऑर्डर सोडल्यासारखंच बोलायची. बाकीच्या सिस्टर इंजेक्शन देताना 'मुंगी चावल्यागत होईल हं' म्हणतात ना? ही सुई हातात घेऊन पेशंटच्या डोळ्यात बघायची. "दुखणार हाय. लई दुखणार हाय. वरडायचं असंल तर आत्ताच वरड." लहानपणी मला ताप आला की मी मुद्दाम तिच्याकडूनच घ्यायचो. का ते तेव्हा कळत नव्हतं, पण तिच्या हातची सुई कमी दुखायची, खरंच.

तर मी. अकरावीत गिटारच्या क्लासचा बेसिक कोर्स केला. म्हणजे काय, तर आठ गाणी, सी, जी, ए मायनर आणि चार तारांवर धरायचा तो चोरटा एफ. ती आठ गाणी मी दीड वर्ष वाजवत होतो. तीच. पाहुणे आले की तीच, गॅदरिंगला तीच. पुढं काय करायचं ते कळत नव्हतं आणि खरं सांगू का, गरजही वाटत नव्हती, कारण सगळे म्हणायचे, सुम्याला गिटार येते. मग पार्टीचे पेटीवाले काका मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि आत्या एक दिवस दारातच उभी राहून म्हणाली, "सुम्या, त्यो तुझा डबा घिऊन सांच्याला ये."

गेलो. ढोलकीवर शिवादादा होता, तोंडात तंबाखू, ऐसपैस मांडी. आत्यानं विचारलं, "काय येतंय?" मी आठ गाण्यांची नावं सांगितली. ती म्हणाली, "ती तुझी. माझी काय येत्यात?" एकही नाही. "बरं, चार दे." मला चार म्हणजे काय तेच कळेना. शिवादादानं समजावलं. गिटारच्या दांडीवर चौथ्या घरात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलं की काळी चारचा सूर मिळतो. ह्याला गिटारवाले बार म्हणतात आणि बेसिक कोर्सवाली सगळी पोरं ह्या बारला घाबरतात, कारण बोट दुखतं आणि तारा नुसत्या ठक् ठक् करतात. माझ्याही केल्या. शिवादादा आत्याला म्हणाला, "सिस्टर, पोरगं बार भरतंय, पन चुना कमी पडलाय." दोघं खिदळत बसले. मी तोंड पाडून बोट चोळत बसलो.

मी कॅपो आणला. कॅपो म्हणजे दांडीवर लावायचा चिमटा, तो तुमच्याऐवजी तारा दाबतो. आत्याला काहीच हरकत नव्हती. फक्त ती दोन गाण्यांच्या मध्ये थांबायचीच नाही. एक गाणं संपलं की टाळ्यांमध्येच पुढचं सुरू, तेही मनाला येईल त्या पट्टीत. मी चिमटा काढून दुसरीकडे लावेपर्यंत तिचं कडवं संपलेलं असायचं. "कुठं गेलतास?" ती विचारायची. "चिमटा लावत होतो." "मी काय एस्टी हाय व्हय रं, तू चढंस्तवर थांबायला?" शेवटी चिमटा गिटारच्या खोळीतच राहिला आणि बोट तयार झालं. कसं झालं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस तिनं न सांगता पट्टी बदलली आणि माझा हात दांडीकडे न बघता सरकला आणि नेमका तिच्या सुरावर जाऊन बसला! मी एवढा खूश झालो की पुढचे दोन ठोके चुकलो.

दुसरं म्हणजे तिनं मला गप्प बसायला शिकवलं. मी सगळीकडे वाजवायचो. जिथं जागा दिसेल तिथं झणझण. "लेका, मी हितं माणसं रडवालोय आन तू भांडी घासालैस." मग ती म्हणायची, शब्द ऐक. शब्द संपला की वाज, शब्द चालू असताना माझ्या मागनं ये, पुढं पळू नको. घरी मी आरशासमोर फास्ट बोटं फिरवायची प्रॅक्टिस करायचो आणि तिच्याकडे गेलो की ती सगळी बोटं खिशात. पण क्लासमधले सर एकदा आमचा कार्यक्रम ऐकून गेले आणि म्हणाले, "अरे, तू आता वाजवायला लागलास." पहिल्यांदा!

आता ते सांगतो ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो आणि इतका वेळ इकडचं तिकडचं टाइप करत राहिलो.

एका हिवाळ्यात आत्याला खोकला झाला. तो गेला, पण नंतर प्रॅक्टिसला वरच्या ओळीवर तिचा आवाज फाटला. परत घेतली, परत फाटला. "घसा धरलाय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पाणी प्यायली. आठवडाभर हेच. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मग एके संध्याकाळी ती म्हणाली, "चार दे," आणि मी तिसऱ्या घरात बार धरला. म्हणजे अर्धा सूर खाली. आधी ठरवलं नव्हतं, हात तिथं गेला. तिनं सूर घेतला, गायली, वरची ओळ आली आणि ती सरळ चढली! मांडीवर थाप मारून ओरडली, "आला की रं आवाज परत! बघितलंस न्हवं शिवा?" त्या दिवशी तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांबड्या रश्श्याची वाटी माझ्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "खा. तुझ्या पायगुणानं झालं." आता ह्यानंतर तिला काय सांगणार? तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण मी रस्सा प्यायलो.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या घरात आलो. म्हणजे काळी तीन. तिला कळायचं कारण नव्हतं, तिला सूर मीच देत होतो. शिवादादाला शंका आली असावी, तो माझ्या बोटांकडे बघायचा आणि मग ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसायचा. आणि आत्या सगळीकडे सांगत सुटली. दवाखान्यात, लग्नात, भाजीच्या गाड्यावर. "पन्नाशी उलटली, तरी चारीतच गातो मी. ह्या सुम्याला इच्चारा." आणि लोक खरंच मला विचारायचे! मी मान हलवायचो. कोणाला काही कळू नये म्हणून मी खालच्या घरातसुद्धा तारा अशा कडक, चमकदार वाजवायचो की सूर चढल्यासारखा वाटायचा. माझा हात खरा तयार झाला तो ह्या दोन वर्षांत. आजही कोणी म्हणतं, तुझं वाजवणं एवढं साफ कसं, तर मी विषय बदलतो.

मग गडमुडशिंगीला समाजमंदिराचं उद्घाटन होतं, दुपारचा कार्यक्रम. गेलो तर संयोजकांनी हौसेनं कबनूरचा कीबोर्डवाला बोलावून ठेवलेला. चाळिशीचा माणूस, गॉगल केसांवर, एकदम दिलदार. कीबोर्ड असल्यावर सूर तो देणार, मी नाही. तिथं चार म्हणजे चारच. मी हळूच त्याच्याजवळ गेलो आणि कानात म्हणालो, "दादा, काळी तीन द्या."

त्यानं समोरच्या माइकचं बटण चालू आहे का ते बघितलं नाही. "ओ बाई!" सगळ्या मांडवात आवाज घुमला. "हे पोरगं तीन म्हणालंय. तीन देऊ काय?"

आत्या वळली. "तीन? कुनाची तीन? पावणं, चार द्या चार! रंगानं काळी, सुरानं चार!" लोक हसले, टाळ्या पडल्या. तिनं माझ्याकडे बघितलं, चेष्टेनंच, काय येडं पोरगं आहे अशा नजरेनं. मी त्या क्षणी 'चार नको' म्हणून नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी खाली बघून तारा लावत बसलो. लागलेल्याच तारा.

वरच्या ओळीवर आवाज फाटला. तिनं परत घेतली, परत फाटला. मागं बसलेली काही पोरं हसली. तिसऱ्यांदा तिनं ओळ घेतलीच नाही, माइक बाजूला धरून खोकल्यासारखं केलं आणि शिवादादानं नुसती ढोलकी वाजवत वेळ मारून नेली. एका लहान मुलीनं तिला पाणी आणून दिलं. आत्यानं तिला 'थँक्यू' म्हटलं. ती कधी कुणाला थँक्यू म्हणायची नाही.

परत येताना जीपमध्ये तिनं चपला काढून पाय वर घेतले. मग म्हणाली, "सुम्या, तू त्याला तीन का सांगितलंस?"

मी सांगितलं. सगळं. शिवादादा बाहेर उसाकडे बघत होता.

"म्हंजे खोकल्यापासनं?"

"व्हय."

"आन मी गावभर चार सांगत फिरतोय." तिनं पदर सारखा केला. "मला सांगायचं न्हाईस व्हय रं? खालनं गायलो असतो की मी. तुला काय वाटलं, मी मेलो असतो?"

"आत्या, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतंच की. माझं मला वाटलं असतं." आणि मग, एकदम शांत आवाजात, "हात चांगला झालाय तुझा. दोन वर्सं कुनाला कळलं न्हाई."

माझ्या वाजवण्याचं तिनं केलेलं हे एकमेव कौतुक.

भांडण झालं नाही. सणाला घरी गेलो की ती नेहमीसारखीच वाढायची, शिव्या द्यायची. पण पुढच्या जयंतीला निरोप आला नाही. कळलं की शेजारच्या गल्लीतले एक रिटायर्ड मास्तर पेटीवर बसतात. मग मी नोकरीला पुण्याला गेलो, तिथं एका ऑर्केस्ट्रात घुसलो आणि आता लोक मला चक्क कार्यक्रमाला बोलावतात.

गेल्या महिन्यात पन्हाळ्यावर एका हॉटेलात आमचा कार्यक्रम होता. तो आटपून दुपारी मित्राच्या रिक्षातनं घरी निघालो होतो, तर आमच्या चौकात मांडव आणि मांडवात आत्या. रिक्षा कोपऱ्यावर थांबवली आणि जाऊन मागच्या खुर्चीवर बसलो. केस पांढरे झालेत तिचे. माइक घेतला आणि म्हणाली, "सूर खाली आलाय माझा. वय झालं. चालतंय न्हवं?" मांडवातनं कोणीतरी ओरडलं, "पळतंय की, आत्या!" आणि शिट्ट्याच शिट्ट्या. मास्तरांनी सूर दिला. माझी बोटं मांडीवर आपोआप आडवी झाली. पांढरी चार, पांढऱ्या पट्ट्यांमधली चौथी. माझ्या शेवटच्या चोरीपेक्षाही अर्धा सूर खाली. आणि ती गायली, अरे काय गायली! आवाज जाड झालाय, ओला झालाय, आणि वरच्या ओळीला ती आता ओरडत नाही, नुसती उभी राहते. माझ्या शेजारचे आजोबा डोळे पुसत होते. हा आवाज दोन वर्षं आधीच आला असता. मी त्याला चार म्हणवून घेत होतो.

कार्यक्रम संपल्यावर मी निसटणार होतो, पण तिनं गर्दीतनं हाक मारली. जवळ आली, गाल ओढला.

"कवा आलास?"

"आत्ताच."

"मास्तरास्नी अजून एक गाणं वाजवायचा कंटाळा आलाय, आन लोक सोडंनात." ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघत म्हणाली, "गिटार आणली न्हाईस व्हय?"

गिटार कोपऱ्यावर रिक्षात होती. पन्नास पावलांवर.

"नाही गं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि मास्तरांना उठवायला गेली.