पत्रिकेवरची बी.ए.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बी.ए.चा एकच पेपर राहिला होता, इंग्रजीचा. तो आधीही दोनदा राहिला होता, त्यामुळे त्याची माझी आता चांगलीच ओळख होती.

माझी शाळा देवगाव रंगारीला नववीत सुटली, कारण दहावीच्या आधी लग्न लागलं. पुढं औरंगाबादेत पुंडलिकनगरला घर झालं, पोरं मोठी झाली आणि चाळिशीत मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. रविवारी वर्ग भरायचा. वर्गात एसटीचे एक कंडक्टर, एक हवालदार आणि खेड्यावरून येणाऱ्या एक सरपंचबाई. शिकवणारे सर आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण सवयीनं आम्हाला ‘मुलांनो’ म्हणायचे. कुणी उशिरा आलं, की सरांच्या आधी कंडक्टरच ओरडायचे, ‘पुढं सरका, पुढं जागा हाय.’ मला तो वर्ग फार आवडायचा. चार तास मला कुणी ‘आज भाजी काय?’ असं विचारत नव्हतं.

माझ्या मोठ्या दिरांना मात्र हा सगळा पोरखेळ वाटायचा. ते वैजापूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. स्वतः रोज कॉलेजात जाऊन बी.ए. झालेले, तिसऱ्या खेपेला का होईना. आमच्याकडे आले की पाटावर बसून ऐकवायचे, ‘पोस्टानं पुस्तकं येत्यात, पोस्टानंच डिग्री येती. तिला काय किंमत? आम्ही कॉलेजाची पायरी झिजवली.’ मला राग यायचा. पण मोठे दीर पडले, म्हणून मी त्यांच्या चहात साखर कमी टाकून तेवढ्यावर भागवायची.

मग नवरदेवाकडची लग्नपत्रिका आली. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढं शिक्षण छापायची रीत आहे, पण या लोकांनी हद्द केली होती. वडील एम.एस्सी., आई एम.ए., काका बी.ई., आत्या डी.एड. खाली ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुरडी होती, तिच्यापुढंही कंसात ‘सीनियर केजी’. दिरांनी पत्रिका दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘आपली पत्रिका मी छापून आणतो. तुम्ही लक्ष घालू नका.’

आम्ही घातलं नाही, ही आमची चूक. चार दिवसांनी गठ्ठे घरी आले. वरची पत्रिका उघडली, तर लेकीच्या नावाखाली आमची नावं आणि माझ्या नावापुढं ठसठशीत ‘बी.ए.’ सोनेरी अक्षरांत.

‘दादा, माझं इंग्रजी राह्यलंय,’ मी म्हणाले.

‘राहू दे की. कोण विचारतंय?’

‘आणि तुम्हीच तर म्हणायचे, तिला किंमत नाय.’

‘ते घरात. पत्रिका लोकांत जाती.’

मी पेन घेऊन खोडायला बसले, तर सासूबाईंनी हात धरला. पहिली पत्रिका हळदकुंकू लावून देवापुढं ठेवून झाली होती. लग्नाच्या पत्रिकेवर खाडाखोड म्हणजे अपशकुन, त्यातून लेकीचं लग्न. पेन खाली ठेवावं लागलं. पाच वर्षं मी रविवार घातले, पोळ्या लाटता लाटता इतिहास पाठ केला, आणि दिरांनी छापखान्यात उभं राहून मला पदवीधर करून टाकलं. मी मोरीत जाऊन रडले. खोटेपणाचं दुःख होतंच, पण भीती त्याहून मोठी होती. पेपर पुन्हा राहिला आणि ते सासरी कळलं, तर टोमणे माझ्या लेकीला खावे लागणार होते. इंग्रजीचा पेपर लग्नानंतर पंधराव्या दिवशी होता.

त्या दिवसांत मी जशी अभ्यासाला बसले तशी आयुष्यात बसले नव्हते. रुखवताच्या करंज्या तळताना डब्यांवर निबंध चिकटवले होते. मालकांनी मला प्रश्न विचारायचे, असं ठरलं होतं; ते उच्चार असे करायचे, की उत्तर येत असूनही मी गप्प व्हायची. हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या आणि मी ओठातल्या ओठात अर्ज लिहीत होते, टू द मॅनेजर, सर, आय बेग टु स्टेट.

लग्नात विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या खरोखरच्या एम.ए., अगदी शांत बाई. ‘तुम्ही या वयात बी.ए. केलंत, फार कौतुक वाटलं,’ म्हणाल्या. ‘अवघड कुठला विषय गेला?’

‘इंग्रजी,’ मी म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याशी बोललेलं तेवढंच एक वाक्य खरं होतं. बाकी वेळ मी जिलेबीची ताटं घेऊन त्यांच्यापासून लांब लांब पळत होते.

पेपर दिला. पुढं दोन महिने फोन वाजला की मी आधी देवाला हात जोडायची, मग उचलायची. निकाल लागला तेव्हा काठावर का होईना, मी सुटले होते. मालकांनी पेढे आणले. मी शेजारी द्यायला गेले, तर शेजारीण म्हणाली, ‘बी.ए.चे? पण तुम्ही तर झाला होतात ना?’ पुढच्या घरी तेच. मी पास झाले, आणि गल्लीत कुणाला त्याची बातमीच वाटेना. त्या दिवशी मला इतकं एकटं वाटलं, की उरलेले पेढे मी पिशवीत भरले आणि अभ्यासकेंद्रावरून गुणपत्रिका घेऊन तशीच वैजापूरची गाडी धरली.

दिरांनी पेढा तोंडात टाकला. ‘कशाचा?’

मी गुणपत्रिका पुढं ठेवली. त्यांची कचेरीतली सवय जागी झाली. कागद उजेडाकडं धरून पाहिला, शिक्का तपासला, बोट ठेवून एकेक विषय वाचला. इंग्रजीपाशी बोट जरा थांबलं. या माणसानं मान डोलवावी असं मला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचा रागही येत होता.

‘खरी हाय,’ ते शेवटी म्हणाले.

‘व्हय दादा,’ मी म्हणाले. ‘खोटी तुम्ही छापली होती.’

आत जाऊबाईंच्या हातातलं भांडं वाजलं. दिरांनी धोतराला हात पुसले, गुणपत्रिका उचलली आणि मला परत दिली, दोन्ही हातांनी.